हायस्कूलला शिकवायचंय? सोलापुरात बी.एड. असं करा

दर वर्षी पदवीचे निकाल लागले की आमच्या शाळेतून दहावी होऊन गेलेली मुलं-मुली पेढे घेऊन येतात. त्यांतलं कुणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, मलापण हायस्कूलला शिकवायचंय. काय करू?" मी सोलापूरच्या पूर्व भागात एका मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. माझ्या घरात तेलुगू बोलतात, शिक्षण सगळं मराठीत झालं. बी.एड.ची मुलं आंतरवासितेसाठी, म्हणजे शाळेत राहून शिकवायच्या सरावासाठी, आमच्याकडे येतात तेव्हा त्यांचे पाठ बघायला मी मागच्या बाकावर बसते. कोण तयार होऊन निघालंय आणि कुणाच्या हातात नुसतं प्रमाणपत्र येणार आहे, हे तिथं बसल्यावर लगेच दिसतं. म्हणून पेढे घेऊन येणाऱ्यांना जे तोंडी सांगते, ते इथं सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. "रोज यायची गरज नाही, परीक्षेला या फक्त" असं सांगून कुणी बी.एड.ला प्रवेश देत असेल तर तो घेऊ नका. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या नियमाप्रमाणे वर्गातल्या अभ्यासक्रमाला किमान ८० टक्के आणि शाळेतल्या आंतरवासितेला किमान ९० टक्के उपस्थिती लागते. नियम बाजूला ठेवला तरी, पन्नास-साठ मुलांसमोर उभं राहून त्यांचं लक्ष आपल्याकडे कसं ठेवायचं, हे घरी बसून गाइड वाचून येत नाही. पदवीनंतरची दोन वर्षं तुम्ही देणारच आहात. ती वर्गात द्या.

आधी विषय, मग प्रवेश

माध्यमिक म्हणजे नववी-दहावी. आपल्याकडची हायस्कुलं बहुधा पाचवीपासून असतात, पण सहावी ते आठवी हा गट भरतीच्या हिशोबात उच्च प्राथमिकमध्ये मोडतो. हे लक्षात ठेवा, पुढे टीईटीच्या (शिक्षक पात्रता परीक्षेच्या) वेळी कामाला येईल.

शिक्षकांच्या जागा विषयवार निघतात, त्याही बिंदुनामावलीनुसार, म्हणजे आरक्षणाच्या ठरलेल्या क्रमानं, प्रवर्गवार. गणित-विज्ञानाच्या वेगळ्या, इंग्रजीच्या वेगळ्या, सामाजिक शास्त्रांच्या वेगळ्या. त्यामुळं तुमच्या पदवीचा मुख्य विषय आणि बी.एड.ला घेतलेल्या अध्यापन पद्धती (कोणता विषय कसा शिकवायचा याचे पेपर) यांचा मेळ बसला पाहिजे. बी.एस्सी. करून "सोपं जातं" म्हणून इतिहासाची पद्धत घेतली तर भरतीच्या वेळी दोन्हीकडून अडचण होते. बी.कॉम. झालेल्यांना माध्यमिकला वाव फार कमी आहे. त्यांनी एम.कॉम. करून कनिष्ठ महाविद्यालयाचा विचार करावा, असं मी सांगते.

प्रवेशाला पदवीत किंवा पदव्युत्तरला किमान ५० टक्के गुण लागतात, राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४५ टक्के. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांनाही सीईटी, म्हणजे बी.एड.ची प्रवेश परीक्षा, देता येते, त्यामुळं एक वर्ष फुकट घालवू नका. बारावीतच ज्यांचं ठरलंय त्यांच्यासाठी चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रमही सुरू झालाय. त्याची प्रवेश परीक्षा राष्ट्रीय पातळीवर होते आणि तो मोजक्याच संस्थांत आहे. सोलापुरातल्या बहुतेकांची वाट अजून पदवी आणि मग दोन वर्षांचं बी.एड. हीच आहे. २०१५ पर्यंत हे बी.एड. एका वर्षाचं होतं. घरातले मोठे "आमच्या वेळी वर्षात व्हायचं" म्हणतात ते त्यामुळं.

सीईटी राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्ष घेतो. संगणकावर १०० प्रश्न, ९० मिनिटं. त्यात बुद्धिमत्ता ४०, सामान्य ज्ञान ३० आणि शिक्षक अभियोग्यता ३०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. अर्ज साधारण हिवाळ्यात निघतात आणि परीक्षा मार्च-एप्रिलच्या सुमारास होते. इंग्रजी माध्यमातून बी.एड. करायचं असेल तर इंग्रजीची वेगळी चाचणी द्यावी लागते. तयारीला महागडा क्लास लागत नाही. बुद्धिमत्तेच्या प्रश्नांचा रोज थोडा सराव करा, आणि सामान्य ज्ञानासाठी हिराचंद नेमचंद वाचनालयात वर्तमानपत्रं वाचायची सवय लावा. मुलं अडकतात ती कागदपत्रांत. जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर, अधिवास यांपैकी तुम्हाला जे लागणार असेल ते सीईटीचा फॉर्म भरला त्याच आठवड्यात मागणीला टाका. प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्यावर धावपळ करून ते हातात पडत नाही.

कॉलेज बघायला स्वतः जा

आपल्या जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ ला झालं. त्याआधी इथली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. आता पुणे रस्त्यावर केगावला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ आहे. शहरात दयानंद, कस्तुरबाई ही शिक्षणशास्त्र महाविद्यालयं आहेत. बार्शी, पंढरपूरकडच्या मुलांना रोज शहरात यायची गरज नाही, तिकडंही सोय आहे.

यादीत पसंतीक्रम भरण्याआधी कॉलेजात जाऊन या. इमारत बघू नका. दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला गाठा आणि तिची पाठ टाचणाची (पाठाच्या लेखी आराखड्यांची) वही बघायला मागा. वहीत निरीक्षकाचा शेरा वाचा. प्रत्येक पाठाखाली "चांगला प्रयत्न" एवढंच असेल तर पाठ कुणी बघितलेलाच नाही. "दुसऱ्या प्रश्नानंतर थांबायला हवं होतं", "आकृतीला नावं देताना पाठ मुलांकडे होती" असे शेरे दिसले, की समजा इथं शिकायला मिळेल. आंतरवासितेला कोणत्या शाळा मिळतात तेही तिलाच विचारा. महाविद्यालयाला अध्यापक शिक्षा परिषदेची मान्यता आणि विद्यापीठाची संलग्नता चालू आहे ना, याची खात्री प्रवेशाआधी करून घ्या.

फी आणि शिष्यवृत्ती यांचं थोडक्यात. खासगी महाविद्यालयांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं, त्यामुळं मंजूर फी किती हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे, आणि प्रत्येक पैशाची पावती घ्यायचाही. मागास प्रवर्गांसाठीच्या शिष्यवृत्त्या आणि आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीची राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, दोन्हीचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरतात. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा भरावा लागतो आणि तो मुलं विसरतात. बँक खातं आधारला जोडलेलं ठेवा.

सूक्ष्म पाठ हसण्यावारी नेऊ नका

पहिल्या वर्षी सूक्ष्म अध्यापन असतं. समोर आपलेच मित्र-मैत्रिणी आठवीतली मुलं बनून बसलेले, त्यामुळं सगळ्यांना तो खेळ वाटतो. १९६३ च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत उभी केली. तिच्यामागचा विचार साधा आहे. शिकवणं हे एकच मोठं काम नसून अनेक छोट्या कौशल्यांचं मिळून होतं, आणि एका वेळी एकच कौशल्य घेतलं तर ते घोटवता येतं. आपल्याकडचं चक्र ३६ मिनिटांचं असतं: ६ मिनिटं पाठ, ६ मिनिटं प्रत्याभरण (पाठ कसा झाला ते बघणाऱ्यांनी सांगणं), १२ मिनिटं पुनर्नियोजन, ६ मिनिटं पुन्हा पाठ आणि ६ मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. यातली बारा मिनिटं सोन्याची आहेत. तीच बहुतेक जण गप्पांत घालवतात. त्या वेळात पहिल्या पाठातला एकच दोष निवडायचा आणि तेवढाच दुरुस्त करायचा.

सगळ्या कौशल्यांत प्रश्न कौशल्यावर सर्वांत जास्त मेहनत घ्या. "समजलं का?" या प्रश्नाला सगळा वर्ग "हो" म्हणतो आणि शिक्षकाच्या हाती काहीच लागत नाही. प्रश्न आधी सगळ्या वर्गाला विचारायचा, मनातल्या मनात चार आकडे मोजायचे, आणि मग नाव घ्यायचं. नाव आधी घेतलं तर बाकीचे सगळे विचार करायचं सोडून देतात. चुकीचं उत्तर आलं तर "बस खाली" म्हणायचं नाही. "हे तुला कशावरून वाटलं?" असं विचारायचं. विज्ञानात तर चुकीच्या उत्तरातूनच मुलाच्या डोक्यात काय चाललंय ते कळतं.

फलकलेखनासाठी सकाळी कॉलेज भरायच्या आधी रिकाम्या वर्गात जा, फळ्यावर लिहा आणि शेवटच्या बाकावर बसून वाचा. तुम्हालाच वाचता येत नसेल तर मुलांना काय दिसणार? आवाजाचीही तयारी हवी. आमच्या शाळेच्या मागच्या गल्लीत यंत्रमाग चालतात. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या, वर पंखे. तिथं ओरडून शिकवणाऱ्याचा घसा तिसऱ्या तासाला बसतो. पोटातून, सावकाश, वाक्यावाक्याला थांबून बोलायची सवय सूक्ष्म पाठातच लावून घ्या.

आणि पाठ टाचण स्वतः लिहा. मागच्या वर्षीच्या वह्या हातोहात फिरतात हे मला माहीत आहे. उद्दिष्टे, स्पष्टीकरणे, अध्यापक कृती, विद्यार्थी कृती, फलकलेखन, मूल्यमापन हे रकाने भरायला कंटाळा येतो. पण "विद्यार्थी कृती" हा रकाना प्रामाणिकपणे भरायला बसलात की कळतं, आपण रचलेल्या पाठात मुलं पंचवीस मिनिटं नुसती ऐकतायत. उतरवून काढलेल्या टाचणात हे कधीच कळत नाही.

आंतरवासिता: खरं बी.एड. इथं आहे

दोन वर्षांत मिळून २० आठवडे शाळेत काढायचे असतात, साधारण ४ पहिल्या वर्षी आणि १६ दुसऱ्या वर्षी. शाळा निवडायची मुभा मिळाली तर तुम्ही स्वतः शिकलात त्याहून वेगळी शाळा घ्या. जुळे सोलापुरात वाढलेल्यानं पूर्व भागात यावं, शहरातल्यानं मोहोळ-अक्कलकोटकडच्या शाळेत जावं. नोकरी कुठं लागेल हे तुमच्या हातात नाही.

आमच्या वर्गात एका बाकावर घरी तेलुगू बोलणारी, दुसऱ्यावर कन्नड बोलणारी आणि तिसऱ्यावर दखनी बोलणारी मुलं बसतात. सगळ्यांना परीक्षा मराठीत लिहायची असते. बी.एड.मध्ये "अभ्यासक्रमातील भाषा" नावाचा विषय आहे. कोल्हापूर-पुण्याच्या मुलांना तो कोरडा वाटेल, सोलापुरात तो रोजच्या कामाचा आहे. मी करते ते सांगते. नवी संकल्पना आली की आधी प्रयोग दाखवते, मग मुलांना चार-चारच्या गटात सोडते आणि काय झालं ते एकमेकांना हव्या त्या भाषेत सांगू देते. पाच मिनिटं वर्गात चार भाषांचा गलका होतो. बाहेरून जाणाऱ्याला गोंधळ वाटतो, पण विज्ञान तिथंच शिकलं जातं. त्यानंतर प्रत्येक गटानं मराठीत दोन वाक्यं लिहायची, आणि पाठ्यपुस्तकातली संज्ञा त्या वाक्यात बसवायची. संज्ञा शेवटी येते, आधी नाही. माझ्याकडे येणाऱ्या छात्राध्यापकांना मी हे एकदा तरी करून बघायला लावते. जी मुलगी महिनाभर तोंड उघडत नाही, ती गटात सगळ्यांत जास्त बोलताना दिसते.

उदाहरणं मुलांच्या घरातून घ्या. नववीला "गतीचे नियम" शिकवताना पुस्तकात बस आणि चेंडू आहेतच. पण आमच्या मुलांनी माग बघितलाय. फटका बसला की धोटा सुसाट पलीकडे जातो आणि तिकडं त्याला अडवावं लागतं. "आपोआप का थांबत नाही?" एवढं विचारलं की जडत्वावर मुलंच बोलायला लागतात. इतिहासवाल्यांचं तर नशीब मोठं आहे. सविनय कायदेभंगात १९३० साली सोलापुरात लष्करी कायदा लागला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं. हे पाठ्यपुस्तकात आहे आणि मुलं रोज चार पुतळ्यांजवळून जातात. पुतळे बघून प्रत्येकानं एक प्रश्न लिहून आणायचा, आणि त्या प्रश्नांवरच दुसऱ्या दिवशीचा पाठ उभा करायचा. जीवशास्त्राला नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे. माळरानाला "पडीक जमीन" समजणारी मुलं गवताळ परिसंस्थेवर किती वेगळं बोलतात, ते तिथं नेऊन बघा.

वेळापत्रक आखताना गावाचं कॅलेंडर समोर ठेवा. जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते, त्या दिवसांत नवा घटक सुरू करू नका, उजळणी घ्या. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो तेव्हा पूर्व भागातली शाळा ओस असते. ईदच्या आगेमागे घटक चाचणी लावू नका. हे विद्यापीठाच्या पुस्तकात मिळणार नाही, शाळेतल्या शिपाईमामांना विचारा.

गृहपाठ आणला नाही म्हणून कुणाला उभं करण्याआधी तिच्या घरी संध्याकाळी काय असतं ते माहीत करून घ्या. आमच्याकडच्या अनेक मुलींच्या आया विड्या वळतात. ठरलेला आकडा पुरा व्हायचा असतो, मग मुलगीही सूप मांडीवर घेऊन बसते. अशा मुलीला शाळेतच शेवटच्या तासाला वीस मिनिटं लिहायला द्या. मारायचं तर मुळीच नाही. शिक्षण हक्क कायद्यानं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

पाठ झाला की स्टाफरूममध्ये मोबाइल घेऊन बसू नका. वर्गशिक्षकांच्या शेजारी बसून हजेरीपट कसा भरतात, निकालपत्रक कसं करतात, युडायसची (शाळांच्या सरकारी नोंदींची) माहिती कशी भरतात ते बघा. घटक चाचणीचा संविधान तक्ता (कशावर किती गुणांचे प्रश्न याचा आराखडा) स्वतः तयार करा, पेपर काढा, तपासा, आणि कुठल्या प्रश्नाला सगळा वर्ग अडखळला ते शोधा. कृतिसंशोधनाचा, म्हणजे आपल्याच वर्गातली अडचण घेऊन करायच्या छोट्या संशोधनाचा, विषयही तिथूनच निघतो. "ग्रामीण विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक समस्या" असला आभाळाएवढा विषय घेऊ नका. "नववीची मुलं उदाहरणं सोडवताना एकक लिहायचं विसरतात, दोन आठवडे रोज दोन उदाहरणं जोडीनं तपासून घेतली तर फरक पडतो का?" एवढा प्रश्न पुरे. तो वर्गात तपासता येतो, आणि त्याचं उत्तर तुम्हाला पुढे दर वर्षी उपयोगी पडतं.

लेखी पेपरांची काळजी करू नका. आंतरवासितेत डोळे उघडे ठेवले असतील तर बाल्यावस्था आणि विकास, मूल्यमापन, समावेशक शिक्षण या सगळ्या विषयांत लिहायला स्वतःची उदाहरणं असतात.

पदवी हातात आल्यावर

टीईटी आणि टेट या दोन परीक्षांत सगळ्यांची गल्लत होते. टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. ती पहिली ते आठवीसाठी. तुमचा पेपर दुसरा, सहावी ते आठवीचा: १५० प्रश्न, १५० मिनिटं. उत्तीर्ण व्हायला खुल्या प्रवर्गाला ६० टक्के लागतात. एकदा उत्तीर्ण झालात की आता ते प्रमाणपत्र आजन्म चालतं. नववी-दहावीच्या जागेला टीईटी लागत नाही, पण ती असली की सहावी ते आठवीच्या जागांचंही दार उघडं राहतं. म्हणून द्याच.

टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. ती पात्रतेची नाही, निवडीची आहे. २०० प्रश्न, १२० मिनिटं: अभियोग्यतेचे १२०, बुद्धिमत्तेचे ८०. म्हणजे एका प्रश्नाला मिनिटभरही मिळत नाही, वेगाचा सराव हवा. ही चाचणी २०१७, २०२३ आणि २०२५ मध्ये झाली. मधल्या वर्षांची अंतरं बघा आणि बी.एड.च्या दुसऱ्या वर्षापासूनच तयारी ठेवा. तिच्या गुणांवर पवित्र पोर्टलवर, म्हणजे राज्याच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावर, पसंतीक्रम भरता येतात. सुरुवातीची तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून जातात. माध्यमिकचं मानधन पूर्वी ८,००० होतं, जानेवारी २०२३ पासून ते १८,००० रुपये झालं. मधल्या काळात तासिका तत्त्वावर काम मिळालं तर घ्या, पण शाळा अनुदानित आहे, अंशतः अनुदानित, की स्वयंअर्थसहाय्यित, हे विचारून आणि लेखी आदेश घेऊनच.

पवित्र पोर्टलवर खासगी संस्थांच्या काही जागा मुलाखतीसह असतात, आणि तिथं पाठ घेऊन दाखवायला सांगतात. आंतरवासितेतले आपले तीन पाठ त्यासाठी वेगळे काढून ठेवा: एक प्रयोगाचा, एक गणिती उदाहरणांचा आणि एक असा की ज्याला खडू-फळ्याशिवाय काहीच लागत नाही. बहुतेक ठिकाणी तिसराच घ्यावा लागतो, त्यामुळं त्याची तयारी सगळ्यांत पक्की ठेवा.